मावशीचे मोजे

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या अमरावतीच्या चर्चमध्ये पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. आता धुवायला न्यायचे पाय आम्ही सगळे घरूनच घासूनपुसून नेतो, ते सोडा. त्या वर्षी बारांत माझं नाव आलं आणि मी दुपारभर वजरीनं टाचा घासत बसले. सोबत नेहमीची प्रार्थना चालूच: प्रभू, नोकरी संपली, पोरं आपापल्या घरी गेली, आता तू माझ्यासाठी ठेवलेलं काम कोणतं ते दाखव. खरं तर ते मीच ठरवून ठेवलं होतं म्हणा. हातात माइक, समोर बायका, आणि मी बोलतेय.

संध्याकाळी शेजारच्या खुर्चीवर मावशी होती. चांदूर बाजारकडची म्हातारी, इथं लेकाकडे राहते, दर रविवारी माझ्याच बाकावर बसते. तिनं मोजे काढले नाहीत.

"काढा, मावशी," पाळकसाहेब म्हणाले.

"राहू द्या साहेब, मले थंडी वाजते."

अमरावतीत, एप्रिलमध्ये. सगळे हसले, मी सगळ्यांत मोठ्यानं. "काहून लाजता मावशी, पेत्र बी नको म्हणे, त्याचे बी धुतलेच न येशूनं," म्हणत मी वाकले आणि तिचा मोजा ओढून काढला.

नखं वाढून वळली होती. एक तर शेजारच्या बोटात रुतलं होतं. मावशीनं पाय खुर्चीखाली घेतला. हसणं थांबलं. बाजूला माझे घासलेले पाय, चकचकीत.

ईस्टर झाल्यावर मी तिच्या घरी गेले.

"आता काय पाहाले आली?"

"नखं कापून देतो, मावशी."

शेवटी तिनं पाय पुढं केला. "कंबर वाकत नाई वं. सुनेले कसं सांगू?" मी कोमट पाण्यात पाय भिजवले, कात्री घेतली. ती वरून पाहत होती. "तुह्या बाजूलेच बसतो न मी. तू डोये मिटून इतका वेळ देवाले काय मांगत रायते?"

मी पुढचं नख कापायला घेतलं.

मग मावशीच्या सांगण्यावरून आणखी म्हाताऱ्या नखं कापायला बोलवू लागल्या, मी जाऊ लागले.

पुढं अकोल्याला महिला मेळावा झाला. पाहुण्या बाईंनी एकेकीला उभं करून विचारलं, देवानं तुम्हाला कोणत्या कामाला बोलावलंय? कोणी संडे स्कूल म्हणाली, कोणी गायन. मग माइक माझ्या हातात आला, इतकी वर्षं मागितलेला.

"प्रार्थनेची सेवा," मी म्हणाले.

मावशी शेजारीच बसली होती. पायात चप्पल, मोजे नाहीत. ती बाकावरच्या माझ्या पर्सकडे पाहून राहिली. पर्समध्ये कात्री होती. मेळाव्याला बार्शीटाकळीची एक म्हातारी येणार होती, तिच्यासाठी सकाळी मीच ती आठवणीनं घेतली होती.