नवी पेठेतलं बेवारस पातं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नरसय्याकाकांना नाही, संग्रहालयाच्या समितीत नाही, घरी तर नाहीच नाही. मी — पत्रकं लिहून, छापून गल्लोगल्ली वाटणारा माणूस. गिरणीच्या फाटकावर उभं करा, कलेक्टर कचेरीच्या पायरीवर उभं करा, माझ्या तोंडाला कुलूप नसतं. आणि तरी या एका गोष्टीवर मी बाहात्तरच्या दुष्काळापासून मांडी ठोकून बसलोय.

सांगतोय म्हणजे रडायला बसलोय असं समजू नका. रडगाण्याचा मला तिटकारा आहे — दुसऱ्याच्या आणि स्वतःच्याही. ‘चुकलो, पदरात घ्या’ हे वाक्य या मजकुरात शोधू नका. सापडणार नाही.

नवी पेठेतलं आमचं संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. नसेल पाहिलं तर ती लाज तुमची, आमची नाही. कापड दुकानाच्या माडीवरची लांबट खोली, जिन्याला कठडा नाही, वर जाताना गाठोडी ओलांडावी लागतात. दुसऱ्या महायुद्धात आपल्या शिवारावरून विमानं घिरट्या घालत होती, गावाबाहेर उतरत होती, कधी पडतही होती — आज कुणाला आठवतं? नरसय्याकाकांना आठवतं. ते तेव्हा विमानांवर फिटर होते. त्यांनी जपलेली एक चामड्याची टोपी आणि एक होकायंत्र, एवढ्यावर आम्ही दार उघडलं. मग लोक आणत गेले. कुणी विमानाचा पत्रा आणला, इतकी वर्षं रांजणावर झाकण म्हणून ठेवलेला. पूर्व भागातल्या एका विणकर बाईंनी पॅराशूटच्या कापडाचं झबलं आणलं. ते घालून वाढलेला त्यांचा मुलगा आता रिक्षा चालवतो आणि पाहुण्यांना फुकट आणून सोडतो. पगारी माणूस एकही नाही. झाडण्यापासून किल्लीपर्यंत सगळं पाळीनं. सरकारकडे आम्ही हात पसरला नाही. हा माझा माज आहे, आणि तो मला शोभतो असं मला अजूनही वाटतं.

आणि खोलीच्या मधोमध ते पातं. विमानाच्या पंख्याचं, माझ्या खांद्याएवढं, शेंड्याला कुत्र्याच्या कानासारखं मुडपलेलं. खाली माझ्या हातची पाटी — ‘अज्ञात वैमानिकाच्या विमानाचे पाते. मैंदर्गीजवळील माळावर बेवारस स्थितीत सापडले.’

बेवारस. हा शब्द मी लिहिला. का लिहिला, ते सांगायचंय — पण थोडं मागून यावं लागेल.

बाहात्तरच्या आदल्या उन्हाळ्यात मी त्या माळावर पहिल्यांदा गेलो. तिथं धनगरांचा एक वाडगा आहे, मेंढरं कोंडायचा, आणि वाडग्याजवळ दगडमातीचा ओटा. त्या ओट्यात हे पातं उभं रोवलेलं होतं, नखशिखांत भंडाऱ्यानं पिवळं. माझं डोकंच फिरलं. तेव्हा देवदेवस्कीवर माझं पत्रक नुकतंच निघालं होतं, ‘दगडाला दूध, लेकराला पाणी’. लोक आता विमानाच्या पंख्यालाही हळद फासायला लागले? मी तिथंच भाषण ठोकायला सुरुवात केली.

ऐकणारी एकच बाई होती. तायाक्का. लोकर पिंजत बसलेली. माझं सगळं ऐकून घेतलं तिनं, मग म्हणाली, “झालं? घसा वाळला आसंल. ताक पी आन् मग पुढचं बोल.”

ताक पिताना तिनं सांगितलं. तिचं लग्न नवं होतं. मेंढरं माळावर होती आणि विमान पडलं. तिचा नवरा बिरू आगीत धावला. आतल्या माणसाला ओढून बाहेर काढलं, पण दोघंही जगले नाहीत. “गोरा व्हता का काळा, कुनाला ठावं. जळल्यावर समदी सारकीच.” मग मिलिटरीची गाडी आली. उडवणाऱ्याला नेलं, मोडकं विमान नेलं. पातं मुरमात खोल रुतलं होतं, ते तेवढं राहिलं. “त्याला न्हेलं, लोखंड न्हेलं. माज्या मानसाचं नाव बी इचारलं न्हाय.” असा अचानक गेलेल्या माणसाचा त्यांच्यात वीर बसवतात, म्हणजे त्याला ओट्यावर मांडून घरच्या देवासारखं पुजतात. इतरांचा दगडाचा असतो. बिरूचा या पात्याचा.

मी मागितलं. मी म्हणालो, “मावशी, शहरात ठेवू, हजारो लोक बघतील, खाली बिरूचं नाव लिहू — मोठ्या अक्षरांत.” खरंच लिहिणार होतो. ती हसली. “आरं, घरचा मानूस कुनी देतंय व्हय बगायला?”

नाही म्हणाली ती. स्पष्ट. मला ऐकू आलं होतं आणि समजलंही होतं. ‘समजुतीचा घोटाळा झाला’ ही पळवाट मला नको.

मग दुष्काळ. माळावर काडी उरली नाही, धनगर मेंढरं घेऊन भीमेच्या अंगाला उतरले. मी त्याच भागात होतो, खडी फोडणाऱ्या बायामाणसांची मजुरी मुकादम कापत होता, त्यावर पत्रक काढलं होतं, आणि ते लढून आम्ही मजुरी मिळवली होती. हे मुद्दाम सांगतोय. त्या आठवड्यात मी चांगला माणूस होतो. आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, कामावरचीच पहार घेऊन मी त्या ओट्याशी गेलो. वाडगा रिकामा. एक कुत्रंही नव्हतं भुंकायला. ओटा फोडायला मेहनत लागली — चांगला बांधला होता. पातं खडीच्या ट्रकमध्ये टाकलं आणि सोलापूरला आणलं.

मनाशी काय म्हणत होतो? हेच की मी एका वस्तूला अंधश्रद्धेतून सोडवतोय. काय गोंडस शब्द आहे ना — सोडवतोय! चोरी करताना चोराकडे इतकं चांगलं मराठी नसतं.

नरसय्याकाकांनी खोबणीतल्या पिवळ्या रंगावरून बोट फिरवलं. “बाळ, ज्यांचं होतं त्यांनी खुशीनं दिलेत ना रे?” मी म्हणालो, “काका, कुणाचंच नव्हतं.” मग रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन मी ते घासलं. स्वतः. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. पिवळं जाईना, तेव्हा चाकूच्या टोकानं कोरलं.

आता पाटी. बिरूचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं होतं ना? पण नाव लिहिलं की माणूस आला, माणूस आला की बायको आली, बायको आली की तिचं ‘नाही’ आलं. माझी चोरी झाकायची तर बिरू धावलाच नव्हता असं करावं लागणार होतं. मी तसं केलं. ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं त्या वैमानिकाला मी पाटीवर मान दिला, आणि ज्याचं नाव मला ठाऊक होतं, त्याला पुसून टाकलं. पॉलिश पेपर त्यापुढं काहीच नाही.

एवढंच असतं तरी मी कदाचित गप्पच राहिलो असतो. बघा, किती प्रामाणिक आहे मी.

पाऊसपाणी झाल्यावर ती आली. घोंगड्या विकायला पेठेत आली होती, कुणीतरी सांगितलं असणार. शाळेची पोरं आलेली, मी त्यांना विमान कसं उडतं ते रंगात येऊन सांगत होतो. ती गाठोडी ओलांडत जिना चढली, दारात वहाणा काढल्या — आमच्याकडे कुणीच काढत नाही — आणि सरळ पात्यासमोर जाऊन उभी राहिली. त्या मुडपलेल्या शेंड्याकडे बघत म्हणाली, “हितं आनलंय व्हय तुला.”

मला नाही. पात्याला.

मग माझ्याकडे वळली. “हे आमचं हाय की रं.”

पोरं बघत होती, मास्तर बघत होते. आणि मी म्हणालो, “नाही मावशी. हे पुण्याहून आलंय. तुमचं वेगळं असेल.” आणि पाटीवरचं ‘मैंदर्गी’ पोरांना दिसू नये म्हणून पाटीपुढं सरकलो.

तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली, चिमटीत भंडारा घेतला. मी तिचं मनगट धरलं. हो, धरलं. भिंतीवर बोट दाखवलं, ‘वस्तूंना हात लावू नये’. तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरं हसली.

“पुन्याचं हाय व्हय,” ती म्हणाली. “बरं.” लांबूनच हात जोडले, भंडारा उंबऱ्यावर ठेवला, वहाणा घातल्या आणि खाली उतरली. त्या दिवशी झाडायची पाळी माझीच होती. मी झाडलं.

ही ती गोष्ट. भेकडपणा, खोटेपणा, चोरी — जे नाव द्यायचं ते द्या, मला शब्दांची वानवा नाही.

मग आज का बोलतोय? कारण यंदा मी जिंकलो. जीपमधून साहेब लोक आले, म्हणाले पातं मोलाचं आहे, इथं नीट राखलं जात नाही, दिल्लीला नेतो. विचारलं नाही, सांगितलं. माझं टाळकं सणकलं. एका बैठकीत पत्रक लिहिलं. सोलापूरच्या भिंतींवर तुम्ही वाचलंच असेल: ‘उचलून नेता — आणि नावही विचारत नाही?’ आमच्या मातीत पडलेलं, आमच्या माणसांनी जपलेलं, कुणाच्या बापाला विचारून उचलता? सह्यांना रांगा लागल्या. दुकानदार आले, विणकर आले, गिरणीतले आले. साहेबांनी माघार घेतली. नवी पेठेत मला हार घातला.

त्या पत्रकातला एकही शब्द मी मागं घेत नाही. साहेबांचं चुकलंच होतं, पुन्हा आले तर पुन्हा लिहीन.

हार गळ्यात असताना नरसय्याकाका जवळ आले. “चांगलं लिहिलास रे. पण ते नाव विचारत नाही म्हणून जे लिहिलास — ते तुझं वाटत नाही. बाईमाणसाचं बोलणं वाटतं.” एवढंच म्हणाले आणि खुर्च्या उचलायला गेले.

तिचं पातं मी नेलं होतं. आता तिचं वाक्यही नेलं होतं. आणि त्यावर हार घेऊन उभा होतो.

परवा माळावर गेलो. काय बघायची अपेक्षा होती मला? मोडका ओटा, गवत. तसं नव्हतं. ओटा पुन्हा लिंपलेला होता, आणि मधोमध मी पहारीनं पाडलेलं भोक तसंच राखलेलं — कडेनं गुळगुळीत सारवून. भोकात भंडारा. ताजा. इतके दिवस ही माणसं त्या भोकाला पुजत होती.

तायाक्का वाडग्याच्या कुडाशी बसली होती. मला बघून उठली नाही. “ये. तुजं पुन्याचं पातं काय म्हनतंय?”

माझ्या तोंडाला कुलूप नसतं म्हणालो ना? त्या दिवशी होतं. शेवटी म्हणालो, “मावशी, ते तुमचंच आहे. मी नेलं.”

“ह्ये मला सांगाय आलास व्हय यवढ्या लांब?” ती म्हणाली. “मला ठावं हाय की. ज्यांस्नी ठावं न्हाय त्यांस्नी सांग जा.” आणि आत जाऊन ताक घेऊन आली. मी ते पिऊ शकलो नाही. भांडं तसंच ठेवलं. तेही तिनं पाहिलं.

म्हणून सांगतोय. तुम्हाला — ज्यांना ठाऊक नाही त्यांना. सह्या करणाऱ्या प्रत्येकाला, त्या शाळेतल्या पोरांना, मास्तरांना. ते पातं बेवारस नव्हतं. ते बिरूचं आहे. तो मेंढपाळ होता, तो आगीत धावला, आणि सोलापुरात त्याचं नाव पुसणारा कुणी साहेब नव्हता, मी होतो.

समितीतल्यांनो, हे वाचून तुम्ही म्हणाल, इतकं लढून राखलं ते आता माळावर उन्हापावसात टाकायचं? पाटी बदलू, नाव घालू, पातं राहू दे. हे सगळं मी तिला म्हणून झालंय. ती नाही म्हणाली होती. देव मी तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. त्याचा इथं काही संबंध नाही. मला समितीतून काढायचं तर काढा, चोर म्हणायचं तर भर पेठेत म्हणा. शब्द बरोबर आहे.

रविवारी सकाळी संग्रहालय उघडेल तेव्हा मधली जागा रिकामी असेल. तिथं दुसरं काही ठेवू नका. पाटी मी उतरवली आहे. ट्रक ठरवलाय. पहार माझ्याकडेच आहे, तीच.