नेटबंदी आणि माहेरचं लुगडं

आई सकाळी गेली. रनाळ्यात आता मयताची खबर द्यायला कोणी गावोगाव जात नाही, फोनही करत नाही. फोटो, खाली अंत्ययात्रेची वेळ, ग्रुपवर टाकलं की सगळे मोकळे. चुलतभावाने तेच केलं. पाचला उचलायचं ठरलं.

आदल्या दिवशी नंदुरबारात कुठल्याशा व्हिडिओवरून दोन गटांत वाजलं होतं. अफवा पसरू नयेत म्हणून सरकारने पहाटेच अख्ख्या जिल्ह्याचं नेट बंद करून टाकलं. रडारडीत कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि कळणार तरी कसं? असले आदेश आम्हाला मोबाइलवरच कळतात! दुपारी एक रिक्षावाला आला आणि शहरातली अफवा तिखटमीठ लावून आमच्या ओट्यावर सांगून गेला. तिला नेट लागलं नाही. अडकली ती फक्त आईची बातमी.

उचलायची वेळ झाली तशी बायकांनी विचारलं, "माहेरनं लुगडं उनं का?"

आमच्यात बाईला शेवटचं लुगडं भावाचं. आईचा एकच भाऊ, तापीपलीकडे ब्राह्मणपुरीला. चुलतभावाने फोन पाहिला. बातमी गेलीच नव्हती, मग लुगडं येणार कुठून? मी धडपडत मामाला साधा फोन लावला. मामा शेतात होता. रडला नाही, एवढंच म्हणाला, "थांबज्यात, मी येस."

आम्ही थांबलो. सूर्य थांबेना. दिवस मावळल्यावर अग्नी देत नाहीत, म्हणून म्हाताऱ्यांनी हात जोडून मला उठवलं. आईला घरातलंच लुगडं नेसवलं. नेटबंदीचं हे धोरण ठरवणारे कोणत्या गावात राहतात, त्यांच्या घरी माणसं मरतात की नाही, देव जाणे. मला त्या वेळी नुसता राग येत होता, आणि तो कोणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

मामा आला तेव्हा चिता पेटलेली होती. एसट्या बंद, पुलावर नाकाबंदी. कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, पिशवी पोटाशी धरून आला होता.

"भाचा, नेट कोनी बंद कयं रे?"

"सरकारनी."

"कसाले?"

"अफवा पसरू नये म्हणून," मी म्हणालो. सरकारचा माणूस असल्यासारखा.

मामा जाळाकडे वळला. मग पिशवीतून हिरवं लुगडं काढलं. घडी मोडलेली नव्हती.

"आते हाई कोनले नेसाडू?"

त्याने ते माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला नाही. घेऊन काय करणार होतो?