हो न म्हणणारे सुपडूकाका

कुठलीही वस्तू हातात आली की सुपडूकाका आधी ती गालाला लावत. वाळत घातलेला सदरा असो, डब्यातला पापड असो, नाहीतर कुणाच्या लग्नाची पत्रिका असो. मान जरा वाकडी करून, डोळे बारीक करून ते क्षणभर थांबत आणि म्हणत, "बघू." हा होकार नसे आणि नकारही नसे. त्यांना ओळखायला लागल्यापासून त्यांच्या तोंडून सरळ 'हो' मी एकदाच ऐकलं. ते कधी, हे सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे. काका जाऊन आता वर्ष होईल.

गालाची सवय नोकरीतली. नेपानगरच्या कागद कारखान्यात ते तीस वर्षं बांबूच्या यार्डात होते. जंगलातून बांबूचे ट्रक यायचे आणि माल वजनावर घेतला जायचा. ओला बांबू वजनाला भारी. म्हणून ट्रक काट्यावर चढण्याआधी काका कोयता घेऊन ट्रकवर चढत, ढिगाच्या पोटातून एक बांबू ओढत, त्याचा तुकडा तोडून गालाला लावत. गार लागला की माल ओला. पुढे ओल मोजायचं यंत्र आलं, तर काकांनी महिनाभर यंत्रच तपासलं. "वरचा थर सगळ्यांचा कोरडाच असतो पोरी," ते मला सांगत, "मधला ओढून बघायचा."

ते आमच्या नात्यातले नव्हते. बाबा आणि ते रावेरकडच्या शेजारशेजारच्या गावांतून एकाच साली कारखान्यात लागले. बाबा कागदाचे रीळ बांधायच्या खात्यात होते. निवृत्तीनंतर दोघांनी बऱ्हाणपुरात लालबागेत घरं घेतली. दोन घरं सोडून काकांचं घर. सकाळी दूधवाला आधी त्यांच्या दारात थांबायचा आणि तिथून सुटका झाली की हसत आमच्याकडे यायचा. माझा दहावीचा निकाल मी चौकातल्या दुकानातून छापून आणला, तेव्हा काकांनी तो वाचला, मागून बघितला आणि म्हणाले, दुसऱ्या दुकानातून अजून एक काढून आण, दोन्ही सारखे निघाले तर पेढे वाटू. मला रडू आलं होतं. त्यांच्या बायकोनं, गोदाकाकूनं, मला जवळ घेऊन सांगितलं, "त्यांचं नको मनावर घेऊ माय. आमच्या लग्नात अंतरपाट धरला होता, तेव्हा यांनी खालून वाकून बघितलं होतं, तीच आहे का बदलली म्हणून."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईचं शिक्षण चौथी, बाबांचं आठवी. मी बी.एस्सी.ला होते आणि त्याचा मला ताठा होता, हे कबूल करते. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि रसायनशास्त्राच्या एका पेपरला सप्लीमेंट्री आली. म्हणजे तेवढा पेपर पुन्हा द्यायचा, तोवर पदवी नाही. घरात ही गोष्ट आम्हा तिघांनाच माहीत होती.

त्याच महिन्यात सुरतेचं स्थळ आलं. माणसं मूळची आपल्याच खानदेशातली, मुलगा निलेश कापड रंगवण्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत. त्यांचं म्हणणं एकच, मुलगी पदवीधर हवी. बाबांनी शनवारा भागातल्या टायपिंगच्या दुकानात बायोडाटा करून घेतला आणि त्यात लिहिलं, 'बी.एस्सी. उत्तीर्ण'. म्हणाले, लग्न होईपर्यंत पेपर होऊन जाईल, कोण विचारतंय. मी तो कागद वाचला आणि पिशवीत ठेवला. कुणी माझा हात धरला नव्हता. मला बोलता आलं असतं.

आमच्याकडे स्थळ बघायला जाताना एक बाहेरचा वडीलधारा माणूस सोबत नेतात. मुलगी डोळ्यांदेखत वाढलेली आहे, लिहिलंय ते खरं आहे, असं त्यानं चारचौघांत सांगायचं असतं. मग पुढचं बोलणं. बाबांना लोकांत बोलता येत नाही, म्हणून त्यांनी काकांना घेतलं. आई म्हणाली होती, त्यांना नका नेऊ, दुसरं कुणी बघा. बाबा म्हणाले, "सुपडूनं एकदा सांगितलं की कारखान्यात मॅनेजरही परत विचारत नव्हता."

भुसावळला गाडी बदलून बाबा, काका आणि मी सुरतेला निघालो. काकांनी गाडीत बायोडाटा मागितला, गालाला लावला, वाचला आणि विचारलं, मार्कशीट कुठंय. बाबा म्हणाले, राहिली घरी. काका म्हणाले, "बघू," आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यांच्या डोक्यात दुसरंच खटकत होतं. मुलाकडच्यांनी घरी न बोलावता तापीच्या काठावरच्या एका मोठ्या फूड हॉलमध्ये बोलावलं होतं. "घरी कायले नाही बोलावत?" हे त्यांनी नंदुरबारपर्यंत तीनदा विचारलं. "माणूस घरात कळते. पाण्याचा माठ बघितला, मोरी बघितली, की अर्धं स्थळ कळते. बाजारात तर सगळेच धुतलेले राहतात."

रात्री सुरतेतल्या माझ्या मावशीकडे थांबून दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही तिथे पोहोचलो. आत शिरताना मीच बुजले. उंच काचेचं छप्पर, खाली वीस-पंचवीस दुकानं, कुठे भट्टीतले पाव, कुठे चीज, कुठे नाचणीचे केक, हातानं बनवलेले साबण, वेताच्या टोपल्या. पलीकडे नदीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. दारातच एक मुलगी हसून कार्ड देत होती, त्यात आधी पैसे भरायचे. काका बाबांच्या कानाशी म्हणाले, इथे पैसे आधी घेतात आणि भूक मागून विचारतात. त्यांनी विटांच्या भिंतीवर टकटक केली, ती पोकळ निघाली. कुंडीतल्या वेलीचं पान चिमटीत धरलं, ते प्लास्टिकचं. एका दुकानात केळी ठेवली होती, एक एक सुटं केळ, प्रत्येकाला चिकटपट्टी. आमच्याकडे ट्रकनं केळी जातात, त्यामुळे मला हसू आलं, पण काकांना नाही. हे एकटं कायले ठेवलं, घडातून का काढलं, असं ते त्या दुकानदाराला विचारत राहिले. स्वयंपाक काचेपलीकडे दिसत होता. मी म्हटलं, काका, इथं तर सगळं उघडं आहे. "दाखवायचं तेवढं काचेत आहे," ते म्हणाले. "त्याच्या मागे एक दरवाजा आहे बघ. तिकडून काय येऊन राह्यलं, ते कोण दाखवते?"

आमच्या बऱ्हाणपुरावरूनच येणाऱ्या तापीवरही त्यांचा विश्वास बसेना. पात्र केवढं रुंद, पाणी काठोकाठ. पायरीवर उभं राहून त्यांनी बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, आपल्याकडून एवढं पाणी सुटत नाही, मधे कुणीतरी घातलं.

निलेश, त्याचे वडील आणि आई शोभाताई नदीकडच्या टेबलापाशी आमची वाट बघत होते. शोभाताई बोलक्या होत्या. निलेश भला वाटला. माझ्याशी बोलताना टेबलावरचं पाणी दोनदा सांडलं त्यानं. त्यानं जेवण सांगितलं आणि हातात एक काळी चकती घेऊन आला. जेवण तयार झालं की ती थरथरते आणि मग आपण जाऊन आणायचं. काकांनी ती चकती लांब सरकवली. आधी आलेले वडे केळीच्या पानावर होते. काकांनी पान उलटं केलं, कोपरा फाडला, फाटलेली कड उजेडात धरली. "कागद आहे," ते म्हणाले. "वरून शिरा छापल्या." मग बाबांकडे वळून, "आपल्या कारखान्यातला नाही." निलेशचे वडील हसले. बाबा हसले नाहीत, त्यांना घाम आला होता.

मग काकांनी विचारायचं ते विचारलंच. आवाज चढवला नाही, पण आडपडदाही ठेवला नाही. ताई, आम्हाला घरी का नाही बोलावलं?

निलेशचे वडील खाली बघायला लागले. शोभाताईंनी पदर सारखा केला. मग सांगितलं की त्यांचं घर दोन खोल्यांचं आहे, सासू अंथरुणावर, दीर-जाऊ आणि त्यांची मुलं तिथेच. पाहुण्यांना बसवायला जागा होत नाही. लग्नाआधी निलेश वेगळी खोली घेणार आहे, पण आज तरी तेच आहे. "लाज वाटली म्हणून इथं बोलावलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलं, बरं केलं. मला ते पोटात ठेवून जेवण गेलं नसतं."

काकांनी त्यांना हात जोडले. मी काकांना कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

आता पाळी आमची होती. शोभाताईंनी पिशवीतून बाबांनी आधीच पाठवलेला माझा बायोडाटा काढला, टेबलावर ठेवला आणि मोकळ्या मनानं विचारलं, "काका, आमचं आम्ही सांगितलं. आता तुम्ही सांगा. यात लिहिलंय ते सगळं बरोबर ना?"

बाबा काकांकडे बघत होते. एक शब्द हवा होता. जगात कुणीही वडीलधारा तो सहज बोलून गेला असता, तेवढ्यासाठीच नेलं होतं त्यांना. काकांनी कागदाला हात लावला नाही. ते म्हणाले, "मुलगी चांगली आहे, ती माझ्यासमोर वाढली. कष्टाळू आहे. शिक्षणाचा कागद मी बघितलेला नाही."

"अरे सुपडू," बाबा म्हणाले.

काकांना काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त शंका होती, आणि ती त्यांना सगळ्यांबद्दलच असायची. मी पुढे होऊन, मार्कशीट घरी आहे, पाठवते, असं म्हटलं असतं तर त्या दिवसापुरतं निभावलं असतं. पण समोरची बाई नुकतीच आपल्या दोन खोल्या उघड्या करून बसली होती. मी म्हटलं, "उत्तीर्ण नाही मी. रसायनाच्या पेपरला सप्लीमेंट्री आहे. दोन महिन्यांनी परीक्षा आहे."

तेवढ्यात ती काळी चकती टेबलावर थरथरायला लागली. कुणी उठलं नाही. ती सरकत सरकत काठापर्यंत आली, तेव्हा निलेशनं तिच्यावर हात ठेवला.

शोभाताई वाईट बोलल्या नाहीत. जेवण वाढलं, आग्रहही केला. बायोडाट्याची घडी घालून पिशवीत ठेवली आणि निघताना म्हणाल्या, कळवतो. त्यांचा फोन आला नाही.

बाहेर पायऱ्यांवर बाबांचा बांध फुटला. तुला हो म्हणायला आणलं होतं, तपासायला नाही, मुलीचं वाटोळं केलंस, असं बरंच बोलले. जाणारे-येणारे बघत होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "बरोबर आहे म्हटलं असतं, तर तिला जन्मभर त्या घरात ती मार्कशीट लपवावी लागली असती." बाबांनी तोंड फिरवलं. परतीच्या गाडीत ते दुसऱ्या डब्यात जाऊन बसले.

त्यानंतर चार-पाच महिने दोन्ही घरांत बोलणं बंद. गोदाकाकू आणि आई मागच्या दारानं वाटी-वाटी भाजी देत-घेत, तेवढंच. मीही काकांशी बोलले नाही. राग त्यांचा होता की माझा माझ्यावर, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. मी पेपर दिला. अंगात ताठा उरला नव्हता, म्हणून असेल, अभ्यास चांगला झाला.

मार्कशीट कॉलेजातून हातात आली, तेव्हा मी आमचं दार ओलांडून सरळ काकांच्या घरी गेले. का गेले माहीत नाही. बहुधा मला बघायचं होतं, आता काय खोट काढतात ते. काका ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा पुसला. माझं नाव, बाबांचं नाव, विषय, गुण, एक एक ओळ बोट ठेवून वाचली. रोल नंबरवर बोट थांबलं. म्हणाले, "प्रवेशपत्र आहे का?" मी तणतणत घरी गेले आणि प्रवेशपत्र आणलं. त्यांनी दोन्ही नंबर एकाखाली एक ठेवून, एकेक आकडा जुळवला. मग गोदाकाकूला आतून मोबाईल आणायला सांगितला. सुरतेचा नंबर त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या मागे लिहून ठेवला होता.

मी नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. मोबाईल स्पीकरवर असायचा त्यांचा, नाहीतर पलीकडचा काय लपवतो ते कळत नाही म्हणे. शोभाताईंनी ओळखलं, बरं वाटलं म्हणाल्या, आणि जरा अडखळत सांगितलं की निलेशचं दिवाळीतच ठरलं, साखरपुडाही झाला.

"चांगलं झालं ताई," काका म्हणाले. "मी स्थळासाठी नाही केला फोन. तुम्ही त्या दिवशी मले विचारलं होतं, लिहिलंय ते बरोबर का म्हणून. तेव्हा उत्तर राहून गेलं. तर, हो. पोरगी बी.एस्सी. पास आहे. मी स्वतः बघितलं."