जावयाचं आडनाव

लसूण सोलता सोलता बायको जावयाचं आडनाव म्हणून बघत होती. श्चेपान्स्की. मोबाइलमध्ये मुलीनं ते सावकाश म्हणून पाठवलंय, त्यामागून हिचं पुन्हा श्चेपान्स्की. आठवडाभर हेच ऐकून माझे कान विटलेत. जावई पोलंडचा, त्याला नुसतं यान म्हटलं तरी चालतं, असं मुलगी सांगून थकली. पण आमच्याकडे जावयाला आडनावानं बोलावतात. थोरल्याला ही ‘देशमुख, चहा टाकू का?’ असंच विचारते.

“देशमुखांना देशमुख आणि ह्याला नुसतं यान?” ती म्हणाली. “म्हणजे हा कायमचा पाहुणाच.”

या वयात जीभ वळत नाही. माझी तर हल्ली मराठी बोलतानाही दमते. लेकी इतक्या लांब गेल्या, की मायेलाही आता तालीम करावी लागते, आणि मला तालमीचा कंटाळा आलाय.

रात्री व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर मुलगी एकटीच होती. “तो आत भांडी घासतोय,” ती म्हणाली. बायकोनं पदर सारखा केला आणि आडनावानं हाक मारली. उच्चार चुकलाच असावा, कारण मुलगी ओठ दाबून हसली.

आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग मराठीत, “आलो, आई.”