जोडून आलेली सुट्टी

नवी मुंबईत तळं बुजवायचं असेल तर शनिवार-रविवारला सोमवार जोडून यावा लागतो. कार्यालयं बंद, साहेब गावाला, तक्रार घ्यायला माणूस नाही. शुक्रवारी संध्याकाळी जिथं पाणी असतं तिथं मंगळवारी राडारोडा असतो, आणि सगळे एकमेकांना विचारतात, हे कधी झालं? तळं वाचवायला धडपडणाऱ्या आमच्या गटाच्या प्रत्येक पत्रकात मी हेच लिहीत आले. आणि नेमक्या अशाच सुट्टीत दिवेआगरला जायला मी हो म्हणून बसले होते.

खरं म्हणजे मला हो म्हणायला लावलं होतं. नेरूळच्या कॉलेजपासूनचे आम्ही तिघं. मी, बेलापूरला बँकेत लागलेली मैत्रीण आणि खाडीकाठच्या गावातला एक मित्र. ट्रिप मित्राने ठरवली. वडापाव कुठे खायचा हे ज्याला अर्धा तास ठरवता येत नाही, त्याने एका संध्याकाळात खोली बुक केली आणि मोठ्या भावाची गाडी मागून घेतली. भावाचा धंदा डंपरचा. तोडकामाचं डेब्रिज उचलायचं आणि सांगतील तिथं टाकायचं.

तळं आमच्या सेक्टरामागे आहे, इमारती संपून खारफुटी सुरू होते तिथं. भरती आणि पाऊस एकदम आले की पाणी त्यात थांबतं, म्हणून तळमजल्यावरच्या लोकांच्या गाद्या कोरड्या राहतात. कागदोपत्री तो होल्डिंग पाँड. बिल्डरच्या तोंडी तो प्लॉट. आम्ही बोंबाबोंब करून तळ्याच्या तोंडाशी सिमेंटचे ठोकळे बसवून घेतले होते, डंपर आत शिरू नयेत म्हणून.

शुक्रवारी सकाळी आईच्या गोळ्या आणायला उतरले तर सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. पार्किंगच्या भांडणापासून हा माणूस माझ्याकडे बघत नाही.

"ट्रिपला चाललात म्हणे! छान. परत कधी?"

"का?"

"का म्हणजे? सहज."

सहज कोणी विचारत नाही. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. औषधवाल्यानेही तेच विचारलं तेव्हा मला वाटलं, माझ्या ट्रिपचं पत्रक कोणी वाटलंय का शहरभर? घरी येऊन आईला विचारलं, तू कोणाकोणाला सांगितलंस? ती म्हणाली, "सगळ्यांना. माझी मुलगी एकदाची माणसासारखी फिरायला चाललीय, सांगू नको?"

मग बेलापूरला महापालिकेत गेले. सुट्टीत तळ्यावर लक्ष ठेवा असा अर्ज द्यायचा होता. ज्यांच्याकडे द्यायचा त्या बाईंच्या टेबलाखाली प्रवासाची बॅग तयार होती.

"मंगळवारी या."

"मंगळवारी तळं नसेल, मॅडम."

"असं कसं नसेल? तळं कुठे जातंय?"

त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि दगडाखाली ठेवावा तसा पेपरवेटखाली ठेवला. मी बाहेर पडेपर्यंत बॅग टेबलावर आली होती.

बँक सुटल्यावर मैत्रीण आली. तिला समुद्रासाठी टोपी हवी होती. भली मोठी, झालर लावलेली. मी म्हटलं, ही ट्रिप जरा संशयास्पदच वाटतेय.

"तुला माझं लग्नही संशयास्पद वाटलं होतं."

"ते मोडलं."

"मोडलं, पण त्यामागे बिल्डर नव्हता. चल, चिवडा घेऊ."

संध्याकाळी मित्राने आम्हा दोघींना बाजारातून गाडीत घेतलं. टायरमध्ये हवा भरली, फास्टॅगचं बघितलं. तो नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. मासळी कुठे चांगली मिळते, भरती कधी आहे, पहाटेच निघू. मला घरी सोडताना तो उगाच लांबच्या रस्त्याला लागला तेव्हा मी म्हटलं, तळ्यावरून घे. तो म्हणाला, उशीर होईल. मी म्हटलं, घे.

ठोकळे बाजूला सरकवलेले होते. जेसीबीच्या दातांचे ओरखडे अजून पांढरे दिसत होते. मधून डंपर आरामात जाईल एवढी वाट, वर मुरूम टाकून दाबलेला.

"तुला माहीत होतं?"

तो स्टिअरिंगवरची धूळ पुसायला लागला.

"होतं की नाही?"

"होतं."

मैत्रीण मागून चिवड्याच्या पुड्यासकट पुढे वाकली. "काय माहीत होतं? मला पण सांगा कोणीतरी."

"उद्या याच्या भावाचे डंपर इथे येणार आणि आपण समुद्रात पाय बुडवून बसणार. त्यासाठी आहे ही ट्रिप," मी म्हटलं. "कोणी सांगितलं तुला मला घेऊन जायला? भावाने? का बिल्डरने?"

"येडी झालीस काय? कोनी नाय सांगितलं."

"मग?"

"मग काय? तू काय करशील ते मना माहीत हाय. डंपरच्या म्होरं जाऊन बसशील. डंपरवर माझा भाऊ नाय तर आतेभाऊ असेल. तवा मी कुठं उभा राहू, सांग ना. तिकडं राहिलो तर तू थुंकशील. हिकडं राहिलो तर घरात कोनी बोलनार नाय. म्हटलं, आपन तिघं हितं नकोच."

"आणि तळं?"

"तुमची सोसायटी माझ्या आज्याच्या शेतात हाय. तिथं बसून तू पत्रकं लिवतेस."

हे खरं आहे. पण बिल्डरची माणसं प्रत्येक बैठकीत हेच बोलतात, याच शब्दांत. म्हणून खरं असूनही मला ते त्याच्या तोंडून खपलं नाही. मी दार उघडून खाली उतरले आणि म्हटलं, तुम्ही जा.

"माझी शनिवारची रजा मंजूर झालीय," मैत्रीण म्हणाली. "मी काय एकटीने समुद्र बघू?"

मित्राने गाडीतूनच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी सांगितलं नव्हतं. त्याला ठाऊक होतं की मी एका बाजूच्या बोलण्यावर विश्वास ठेवणार नाही.

"दादा, उद्या आमी जात नाय."

"का? गाडी बिघडली?"

"तल्यावर हाव. ठोकले बगितले तिनं."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. "ती ऐकते काय?"

"हो," मी म्हटलं.

"ताई, माझ्या गाड्या उद्या येनार नाय. बाकीच्यांचं मना विचारू नका. गावात घरटी डंपर हाय."

"लिहून द्याल?"

"ताई, तुमी जेवताना पन लिवून घेता काय?" म्हणाला आणि फोन ठेवला.

मित्र म्हणाला, सकाळी येतो. मी बरं म्हटलं. त्याच्यासमोर मी कोणालाच फोन केला नाही. तो वळणाआड गेल्यावर केले. सकाळी फिरायला येणारे निवृत्त काका, पत्रकं वाटणाऱ्या दोघी, कोण कोण येईल आणि कुठे उभं राहील ते सगळं ठरवलं. त्याला चुकीची वेळ सांगावी असंही एकदा मनात आलं. नाही सांगितली, कारण त्याने वेळ विचारलीच नाही. डंपर कधी येतात हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही मुरमाच्या वाटेवर उभे राहिलो. मैत्रीण झालरीची टोपी घालून आली. काकांनी घरून घडीची खुर्ची आणली होती. मित्र सगळ्यांत शेवटी आला, नाकापर्यंत रुमाल बांधून, आणि आमच्यापासून चार हात लांब थांबला. माझा फोन हातात होता, व्हिडिओ सुरू होता. डंपर अजून आला नव्हता. मी चित्रण मित्राचंच करत होते.

मग डंपर आला. भावाचा होता की नव्हता मला कळलं नाही, नंबरप्लेट चिखलाने माखली होती. ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, आणि खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"काय रं? तोंड बांधून कोनापासून लपतोस? चालन्यावरून वलखला तुला. दादाला लावू फोन?"

मित्राने रुमाल काढून खिशात कोंबला. मग चार पावलं पुढे जाऊन डंपरच्या बरोबर समोर थांबला.

"लाव," म्हणाला. "पन आदी गाडी मागं घे."

ड्रायव्हरने गाडी मागे घेतली नाही. इंजिन चालूच ठेवून त्याने खरंच फोन काढला आणि नंबर लावला. मी व्हिडिओ बंद न करता पुढे गेले आणि मित्राच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. भाऊ काय म्हणतो ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं.