साडूचा तारा आन माझ्या बोटाचं मीठ

सासरवाडीला माझी एकच इज्जत व्हती. मी तोंड उघडलं की माणसं हसायची. जमीन बेताची, अक्षर येत न्हाय, रूप तर बगूच नका. पन इंदापूरला मामांच्या, म्हंजी सासऱ्याच्या मळ्यात हुरडा भाजायला बसलो की मामा म्हनायचे, "पाव्हणं, काढा काय तरी," आन माझी बायकू पदरात तोंड घालून हसायची. तेवढ्यापायी मी बारामतीहून गाडी जुपायचो.

त्या साली धाकटा साडू आला आन माझा बाजार उठला.

त्यो दक्षिणंत कुठंतरी डोंगरावर सरकारी दुर्बिणीवर नोकरीला. ताऱ्यात काय काय भरलंय त्ये मोजायचं, म्हनं त्येचाच पगार. मी म्हनलं, "तितवर तागडी कशी न्हेता?" एरवी माणसं लोळली असती. मामा म्हनले, "गप बसा, ऐकू द्या."

साडूनं काचेची पट्टी काढली. तिच्यावर उभ्या रेघा. "दाजी, हा मृगातला निळा तारा. प्रचंड मोठा, पण वयानं अगदी पोर. त्याचा उजेड तिकोनी काचेतून फाकवला की अशा रेघा येतात. प्रत्येक पदार्थाच्या रेघा वेगळ्या."

मला घोंगड्याचा काठ दिसला. "व्हय व्हय, वळखीचाच हाय," म्हनलो. कुनी हसलं न्हाय.

मग त्येनं स्पिरिटचा दिवा लावला. निळी जोत. मिठात बुडवून तार धरली, जोत पिवळीधमक. धुवून धरली, पुन्ना निळी. "पिवळं दिसलं की मीठ आहे समजायचं. ताऱ्यातलंही असंच ओळखतो." सगळी डोळं फाडून बगत व्हती. माझ्या बायकूचं तर हुरडा चावायचंच ऱ्हायलं.

"ह्यात काय अवघड?" म्हनून मी ती धुतलेली तार उचलली, बोटानं चांगली पुसली आन ऐटीत धरली. जोत पिवळी!

साडू गालात हसला. "दाजी, चटणीचं बोट ना तुमचं."

मामा म्हनले, "ताऱ्याचं काय ठावं न्हाय, पन पाव्हण्यात मीठ हाय एवढं पक्कं!"

मळा हादरला. बायकू तर पदर बी न घेता हसली. माझ्या गमतींला अशी कवाच हसली न्हवती.

मग तिनं काच मागून घेतली, आगटीच्या उजेडात धरली. "भावजी, रेघ बारीक म्हंजी त्यो माल कमी का?"

"अक्का, नेमकं विचारलंत! पण तारा किती तापलाय ते आधी काढावं लागतं. फार तापलेला असला तर माल असूनही रेघ पुसट येते."

ती मान हलवीत ऱ्हायली. मला तिनं आजवर इचारलं ते "कवा येनार" आन "जेवलासा का". माझ्यात काय भरलंय ह्ये कवा इचारलं न्हाय. तसं काय भरलेलं न्हवतंच, पन इचारायचं तरी!

दुसऱ्या दिवशी परतताना वाटंतच अंधार पडला. ती गाडीत उताणी पडून मृगाकडं बगत व्हती. मी घसा साफ केला आन म्हशीची गोष्ट काढली, हमखास हसवनारी.

"अवं, थांबा की जरा. बगतीया मी."

साडू परवडला. रजा सपली की जानारा मानूस. ह्यो तारा रोज उगवनार व्हता, आन त्यो बी माझ्यापरीस तरणा.