पिवळा भात आणि बुजगावणं

माझं लग्न पाखरांच्या जोरावर ठरलं असं मी सांगते, तेव्हा लोक हसतात. आमच्याकडे पोरगी द्यायच्या आधी बाप घर पाहायला जातो. माझे वडील जानेफळकडचे शेतकरी. अमडापूरजवळच्या या घरी आले आणि पुढे आलेला चहा तसाच ठेवून म्हणाले, "चहा मंग घेतो, पयले वावर दाखवा." वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ते बराच वेळ कान देऊन उभे राहिले. बोरी-बाभळींत तितर, होले, साळुंक्या बोलत होत्या. परत येऊन आईला म्हणाले, "वावर जित्तं हाये. पोरगी सुखात राहीन." नवऱ्या मुलात त्यांनी काय पाहिलं, ते मात्र मला आजवर कळलेलं नाही.

त्यांचा हिशेब सोपा होता. नुसती पाखरं पुष्कळ असून भागत नाही, कावळे तर उकिरड्यावरही पुष्कळ असतात. दाणे टिपणारी, अळ्या खाणारी, उंदीर धरणारी अशी सगळी हवीत. नुसत्या चपलांची दुकानं लागली तर त्याला आपण बाजार म्हणतो का?

लग्नानंतर वावरात फवारण्या वाढत गेल्या आणि पाखरं कमी होत गेली. कोतवाल दिसेना, तितर ऐकू येईना. मला त्या शांततेची भीती वाटायची. नवऱ्याला धुऱ्याची अडचण व्हायची. जेसीबी लावून तो साफ केला की चार ओळी जास्त पेरता येतील, असं त्याचं दरवर्षीचं पालुपद.

मागच्या हिवाळ्यात मी हट्टच धरला. विहिरीकडच्या हरभऱ्यावर फवारा मारायचा नाही, घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, पोखरणाऱ्या अळीचं काम पाखरांवर सोडायचं. नवऱ्यानं अट घातली, "अळीनं घाटे खाल्ले त सोंगणी झाल्यावर धुरा साफ. मंग तोंड फुगवाचं नाई." मी तोऱ्यात हो म्हटलं आणि सोंगणीला, म्हणजे कापणीला, किती दिवस उरलेत ते मोजत घरी आले.

पाखरांना बसायला काठ्यांचे आडवे-उभे थांबे करून मी हरभऱ्यात रोवले. हळद घालून पिवळा भात शिजवला आणि ओळींमधून पसरला. तो रंग पाहून पाखरं उतरतात, मग भातासोबत अळ्याही टिपतात. पण कुणी उतरेना. भात वाळून खडखडीत झाला. अळ्या मात्र बोटाएवढ्या झाल्या. नवरा येता-जाता नुसता धुऱ्याकडे पाहायचा. मला त्याचा असा राग यायचा!

एक दिवस कंबर सरळ करायला उभी राहिले, तर समोर आमचं बुजगावणं. हरभरा उगवला की ते उभं करायचं, ही या घरची रीत. नवऱ्यानं ते इमानेइतबारे उभं केलं होतं आणि रोज पाहून पाहून ते आम्हाला दिसेनासंच झालं होतं. म्हणजे जेवणाचं आवतन आमचंच आणि दारात काठी घेऊन उभा राहिलेला माणूसही आमचाच. मी बांधावर बसून हसत सुटले.

"अहो, तो शर्ट काढा बरं त्याच्या अंगातून!"

"काऊन? तुले त्याचाही राग येऊन राह्यला का?"

पण त्यानं काढला. शर्ट धडका होता, म्हणून धुऊन स्वतःच घातला. मडकं उतरवलं. मागे राहिल्या दोन काठ्या, आडवी आणि उभी, म्हणजे आयता थांबाच. दोन-तीन दिवसांत कोतवाल येऊन पहिल्यांदा बसला तो तिथंच. मग साळुंक्या आल्या, वेडे राघू आले. पोपटांनीही थोडे घाटे उडवले, खोटं कशाला बोलू. पण एका सकाळी धुऱ्यातून तितर बोलला आणि मी विळा खाली ठेवला. फार बरं वाटलं.

सोंगणी झाली. काही घाटे पोखरलेले निघाले, पुष्कळसे भरलेले. नवरा एक घाटा फोडून पाहायचा आणि पुढचा उचलायचा. जिंकले की हरले, मला कळेना.

त्याच आठवड्यात शेजाऱ्याच्या वावरात जेसीबी आला. धुरा दोघांचा सामाईक. शेजाऱ्यानं हाक मारली आणि नवरा तिकडे निघाला. मी त्याच्या मागोमाग गेले.

"राहू दे बे धुरा," नवरा म्हणाला.

"काऊन? तूच त म्हणत होता साफ करू म्हणून!"

"हाव, म्हणत होतो. पण आता तिथं आमचे गडी राह्यतात."

"कोणते गडी?"

ज्या माणसाच्या तोंडी जन्मभर नुसतं 'पाखरू' होतं, तो एकेक बोट दुमडत नावं घेऊ लागला. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू, तितर. मग आवाज उतरवून म्हणाला, "आन् त्या निंबाच्या ढोलीत पिंगळ्याचं जोडपं हाये. उंदीर तेच धरतात."

उंदीर धरणारं ते लहानसं घुबड मी सगळा हिवाळा शोधत होते. मला ते एकदाही दिसलं नव्हतं.